राखून ठेवलेले तीन दिवस: फेब्रुवारीतील किन्नौर आणि स्पिती

फेब्रुवारी महिन्यात स्पितीला जायचे ठरले, तेव्हा आमच्या घरात सर्वांत जास्त चर्चा झाली ती परतीच्या तिकिटाची. दादा आणि वहिनी यांच्या रजेच्या हिशेबात हा प्रवास नऊ दिवसांत बसत होता. मी मात्र बारा दिवसांवर ठाम होते. कोणत्याही ठिकाणाच्या नावावर न टाकलेले तीन दिवस हाताशी असल्याशिवाय हिवाळ्यात हिमालयात पाऊल ठेवायचे नाही, असे मी काही वर्षांपूर्वी मनालीत ठरवले होते. विमान चुकेल या एकाच धास्तीने माणसे बर्फ पडत असताना घाटात गाड्या घालताना मी तेथे पाहिली होती. बरोबर माझा बावीस वर्षांचा भाचा होता. सह्याद्रीतले बहुतेक अवघड गड त्याच्या पायाखालून गेले आहेत आणि थंडी म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गोठलेले दवबिंदू, एवढाच त्याचा अनुभव होता. गाडी आणि चालक शिमल्याहून घेतले. चालक मूळचे किन्नौरचे, पन्नाशीचे, डोक्यावर हिरव्या पट्टीची टोपी घालणारे. आम्ही त्यांना भाईजी म्हणत होतो.

पहिला दिवस: शिमला ते सराहन

सकाळी साडेसहाला निघण्याची आमची तयारी होती, परंतु भाईजी साडेनऊपर्यंत हलले नाहीत. कुफ्रीपासून नारकंड्यापर्यंतचा रस्ता २,५०० मीटरच्या आसपास डोंगराच्या कुशीतून जातो आणि त्यातील सावलीच्या वळणांवर दिवसा वितळलेले पाणी रात्री गोठून डांबरावर काचेसारखा पातळ थर धरते. हा थर पारदर्शक असल्यामुळे रस्ता फक्त ओलसर दिसतो. म्हणूनच त्याला ब्लॅक आइस म्हणतात आणि म्हणूनच समोर दिसणाऱ्या पांढऱ्या बर्फापेक्षा तो अधिक घातक ठरतो. ज्या पुलांखालून थंड वारा वाहतो आणि ज्या वळणांवर डोंगरातला झरा रस्ता ओलांडतो, तेथे तो हमखास असतो.

नारकंड्याच्या अलीकडे एका वळणावर मैदानी भागातून आलेली एक मोठी गाडी नाल्याच्या बाजूला आडवी होऊन कठड्याला टेकली होती. सुदैवाने कोणालाही इजा झाली नव्हती. चारही चाकांना जोर देणारी गाडी असूनही असे कसे झाले, असे भाच्याने विचारले. भाईजी म्हणाले की, चारही चाके ओढणारी गाडी चढायला मदत करते, थांबायला नाही. त्यांनी स्वतः ते वळण येण्याच्या अर्धा किलोमीटर आधी, सपाट जागा पाहून, इंजिनाचा जोर ज्या चाकांवर येतो त्या चाकांना लोखंडी साखळ्या चढवल्या होत्या. घसरू लागल्यावर साखळ्या लावण्यासाठी उतरणे, तेही उतारावर आणि मागून गाड्या येत असताना, हा वेगळाच धोका असतो. उतरणीवर त्यांनी ब्रेकला जवळजवळ पाय लावला नाही. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्याच बळावर गाडी रोखून धरली आणि पुढच्या वाहनापासून अंतर इतके ठेवले की मागचे लोक वैतागून भोंगे वाजवत होते. पुढे सतलज नदीच्या काठी रामपूरला उतरल्यावर स्वेटरही नकोसा झाला. तेथून ज्योरीमार्गे सराहनला पोहोचलो. भीमाकाली मंदिराच्या लाकडी मजल्यांवर संध्याकाळचे ऊन होते.

दुसरा दिवस: सराहन ते कल्पा

स्वच्छ ऊन, कोरडा रस्ता. वांगतू, टापरी आणि कडछम मागे टाकून रिकाँग पिओमार्गे २,९६० मीटर उंचीवरच्या कल्प्याला दुपारी पोहोचलो. समोर किन्नर कैलास. या दिवसाविषयी यापेक्षा जास्त सांगण्यासारखे काही नाही, आणि हिवाळी प्रवासात असा दिवस मिळणे हेच पुष्कळ असते.

तिसरा दिवस: कल्पा

पहाटे भाईजींनी दार वाजवून सांगितले की, आज निघायचे नाही. हवामान विभागाच्या शिमला केंद्राने किन्नौर आणि लाहौल-स्पिती या जिल्ह्यांसाठी नारिंगी इशारा दिला होता. खिडकीतून पाहिले, तर आकाशात पातळ ढगांपलीकडे काहीही नव्हते आणि किन्नर कैलासाचे टोक स्पष्ट दिसत होते. दादाला हे पटेना. त्याने नकाशा उघडून, चार तासांत आपण नाकोच्या पुढे असू, असा हिशेब मांडला.

आपल्याकडे पाऊस म्हटले की नैर्ऋत्य मोसमी वारे आठवतात. हिमालयातील हिवाळी बर्फ मात्र पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो. भूमध्य समुद्राकडून उगम पावणाऱ्या या प्रणाली इराण आणि अफगाणिस्तान ओलांडून येतात. त्या काही दिवस आधीच नकाशावर दिसू लागतात, त्यामुळे त्यांचा अंदाज बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो. पहाटेचे निरभ्र आकाश हा त्या अंदाजाविरुद्धचा पुरावा नव्हे. साडेदहाला पहिले कण पडू लागले, बारा वाजता समोरचा डोंगर नाहीसा झाला आणि संध्याकाळपर्यंत अंगणातील सफरचंदाच्या झाडांचे बुंधे गुडघाभर बुडाले. दादाच्या हिशेबाप्रमाणे पहिले कण पडले तेव्हा आम्ही नाकोच्या अलीकडच्या, ‘का’ नावाच्या घाटवळणांवर असतो, जेथे थांबायला गाव नाही आणि गाडी वळवायलाही जागा नाही.

दुपारी भाचा बर्फात खेळायला गेला आणि तासाभराने दात वाजवत परतला. वरचे जाकीट उत्तम होते, पण आत सुती बनियन होते आणि ते घामाने भिजले होते. सूत पाणी धरून ठेवते आणि ओला कपडा शरीराची उष्णता वेगाने खेचून घेतो. वहिनीने त्याला आधी ते बदलायला लावले, मगच शेगडीजवळ बसू दिले. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की अल्पतप्तता सुरू होते. तिची पहिली खूण थरथर. त्यानंतर जीभ जड होते, बोटांना बटण लागत नाही, माणूस चिडचिड करतो किंवा गप्प बसतो. थरथर थांबली की बरे वाटू लागले असा समज होतो, परंतु अंग गरम न होता थरथर थांबणे म्हणजे शरीराने हार मानणे होय. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना विनाकारण काहीतरी विचारत राहायचे, असा नियम केला. उत्तर तुटक आले की विचारणारा सावध होत असे.

चौथा दिवस: कल्पा

आकाश निळेभोर होते आणि तरीही आम्ही निघालो नाही. हा दुसरा राखीव दिवस खर्च करणे मला पहिल्यापेक्षा अवघड गेले, कारण बाहेर सारे काही प्रवासाला बोलावत होते. बर्फ थांबल्यानंतरचा पहिला दिवस हाच हिमस्खलनाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याच्या दिवसांपैकी एक असतो. जुन्या, कडक झालेल्या थरावर नव्या बर्फाचा जड थर बसलेला असतो, त्या दोहोंची पकड अजून जमलेली नसते, आणि वारा तोच बर्फ उचलून कड्यांच्या आडोशाला आणखी साचवतो. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. त्याहून उभ्या कड्यांवर बर्फ फारसा साचतच नाही आणि सौम्य उतारावर तो सहसा सुटत नाही. म्हणजे जो उतार डोळ्याला विशेष भीतिदायक वाटत नाही, नेमका तोच पाहायचा असतो. दबलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढता आले तर तो वाचण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते, कारण थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो. मदत बाहेरून येईपर्यंत ही वेळ निघून गेलेली असते.

घरमालक आजोबांनी १९७९ सालच्या मार्च महिन्याची आठवण सांगितली. त्या वर्षी लाहौलमध्ये हिमस्खलनांनी दोनशेहून अधिक माणसे नेली होती. अगदी अलीकडे, २८ फेब्रुवारी २०२५ रोजी, उत्तराखंडात माणा गावाजवळ रस्त्याचे काम करणाऱ्या मजुरांच्या वस्तीवर बर्फ कोसळला आणि आठ मजूर दगावले. आम्ही ज्या रस्त्यांवरून स्पितीत जाण्याची हौस करतो, ते रस्ते मोकळे ठेवणारी माणसे हीच असतात. रस्ता उघडण्याची घाई पर्यटकांनी करू नये, असे मला वाटते ते याचमुळे. हिमस्खलनाचा अंदाज संरक्षण संशोधन व विकास संघटनेची चंदीगडची संस्था देते. तिच्या पूर्वसुरींपैकी एक संस्था १९६९ साली मनालीत स्थापन झाली होती. भाईजी हा अंदाज रोज पाहत होते आणि त्याबरोबर पूह येथील आपल्या मेहुण्याला फोनही करत होते.

पाचवा दिवस: कल्पा ते ताबो

रस्ता उघडल्याचा निरोप आला आणि आम्ही आठला निघालो. ही वेळ विचारपूर्वक ठरवलेली होती. फार लवकर निघावे तर सावलीत रात्रीचा बर्फ कायम; उशिरा निघावे तर दगड. खडकाच्या भेगांत शिरलेले पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि खडक फोडते. तो सुटलेला तुकडा रात्रभर बर्फानेच जागच्या जागी धरून ठेवलेला असतो. ऊन चढले की ती पकड सुटते. त्यामुळे खाबच्या संगमापासून, जेथे स्पिती नदी सतलजला मिळते, ‘का’ची वळणे आणि नाकोच्या पुढचा मलिंग नाला हा टप्पा ऊन रस्त्यावर आल्यावर पण वरच्या कड्यावर फार वेळ तापण्याआधी ओलांडायचा असतो. मलिंगला भाईजींनी गाडी अलीकडे थांबवली, काच खाली करून दोन मिनिटे फक्त ऐकले, आम्हाला गाणी बंद करायला आणि वर पाहत राहायला सांगितले आणि मग न थांबता पलीकडे गेले. फोटोसाठी तेथे थांबायचे नाही, हे त्यांनी आदल्या रात्रीच बजावले होते.

नाको ३,६६० मीटरवर आहे. तेथे तलाव गोठलेला, घरे देखणी, आणि मुक्कामाचा मोह मोठा. तरीही चहा पिऊन आम्ही पुढे ३,२८० मीटरवरच्या ताबोला उतरलो, कारण विरळ हवेत महत्त्व दिवसा गाठलेल्या उंचीपेक्षा झोपण्याच्या उंचीला असते. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य नियम आहे.

ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला. मातीच्या भिंतींवर बर्फाची किनार होती. मुक्कामाच्या घरात सर्व कुटुंब हिवाळ्यात एकाच खोलीत, धुराड्याच्या लोखंडी चुलीभोवती राहते. या चुलीला तेथे तंदूर म्हणतात. आमच्या निजण्याच्या खोलीत मात्र काहीच नव्हते, तेव्हा दादाने घरमालकिणीकडे निखाऱ्यांची शेगडी मागितली. त्या बाईंनी थेट नकार दिला आणि चार रजया आणून दिल्या. बंद खोलीत कोळसा जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट पकडीने त्याला धरून ठेवते. माणूस झोपेतच जातो. उत्तर भारतात जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात अशा बातम्या येतात. झोपण्यापूर्वी घरधन्याने गच्चीवर जाऊन तंदुराच्या धुराड्याच्या तोंडावरील बर्फ झाडल्याचा आवाजही आम्ही ऐकला.

सहावा दिवस: ताबो ते काझा

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलोमीटरच, पण काझा ३,७०० मीटरच्या आसपास. स्पितीतील घरांची धाबी मातीची आणि सपाट असल्याने बर्फ वेळीच खाली लोटावा लागतो. भाचा पोहोचताच घरातील मुलांबरोबर लाकडी फावडे घेऊन धाब्यावर चढला आणि दोन तास बर्फ लोटत राहिला. त्याला मदत करायची होती, हेतू चांगलाच होता. आम्ही कोणीही त्याला अडवले नाही, ही चूक आमची, विशेषतः माझी. पाणीही तो पुरेसे प्याला नव्हता, कारण थंडीत तहान लागत नाही. कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी मात्र जातच असते.

रात्री अकराला त्याचे डोके दुखू लागले, दोनला उलटी झाली. बाहेर उणे बावीस अंश होते.

सातवा दिवस: काझा

सकाळी त्याला सरकारी रुग्णालयात नेले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न माझ्या कायम लक्षात राहील: झोपण्याच्या खोलीत काही जळत होते का, आणि इतर कोणाचे डोके दुखते आहे का? कार्बन मोनॉक्साइडची बाधा आणि उंचीचा त्रास यांची सुरुवात सारखीच असते. डोकेदुखी, मळमळ, थकवा. खोलीत काही जळत नव्हते आणि आम्ही तिघे बरे होतो, त्यामुळे निदान उंचीकडे वळले. मग डॉक्टरांनी त्याला एका सरळ रेषेत, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटे लावत चालायला सांगितले. तोल गेला असता तर मेंदूला सूज येण्याची शंका. बसल्या जागी धाप लागली असती किंवा छातीत घरघर असती तर फुप्फुसात पाणी होण्याची. या दोन्हींपैकी काहीही असते, तर एका तासाचाही विचार न करता खाली उतरायचे, हाच मुख्य उपाय. औषध आणि प्राणवायू हे उतरेपर्यंतचे आधार. तो नीट चालला. विश्रांती, पाणी, हलके जेवण, आणि संध्याकाळपर्यंत उतार न पडल्यास ताबोला परत, असे ठरले. भाईजींनी गाडीचे तोंड रस्त्याकडे करून, इंजिनावर घोंगडे टाकून ती उन्हात लावून ठेवली, कारण कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण साकळते आणि नेमक्या गरजेच्या वेळी गाडी चालू होत नाही.

चांगली शरीरप्रकृती या त्रासापासून वाचवत नाही, हे त्या मुलाला सांगताना वहिनीचा आवाज कापत होता. उलट धडधाकट माणूस वेगाने चढतो, जास्त काम करतो आणि दुखणे लपवतो. रात्रभर त्याने डोकेदुखी दोनदा नाकारली होती. “आत्या, तुमचा प्रवास माझ्यामुळे बुडेल असं वाटलं,” असे तो म्हणाला. चार वाजेपर्यंत त्याला भूक लागली, आणि आमचा तिसरा राखीव दिवस संपला.

आठवा दिवस: की आणि किब्बर

भाचा आणि दादा खालीच राहिले; वहिनी आणि मी भाईजींबरोबर ४,१६६ मीटरवरच्या ‘की’ या बौद्ध मठाला आणि पुढे किब्बर गावाला जाऊन आलो. हिमबिबट्या दिसला नाही. गावाच्या वरच्या उतारावर त्याचा माग काढणाऱ्यांच्या दुर्बिणी मात्र दिसल्या. फोटोसाठी वहिनीने हातमोजे जेमतेम तीन-चार मिनिटे काढले असतील, तेवढ्यात दोन बोटांची टोके पांढरी आणि बधिर झाली. आम्ही चोळायला सुरुवात करणार, तोच भाईजींनी हात धरला. गोठू लागलेल्या कातडीखाली सूक्ष्म स्फटिक असतात आणि चोळल्याने ते पेशी फाडतात. बर्फ चोळणे हा तर निव्वळ घातक गैरसमज आहे. वहिनीने बोटे काखेत धरली, दहा मिनिटांत मुंग्या आल्या, मग वेदना, मग रंग. बधिरता गेली नसती, तर पुढचा उपाय अंगाला सोसवेल इतक्या, सुमारे ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्याचा, आणि तोही ती जागा पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तरच. शेकोटीजवळ धरू नये, कारण बधिर बोटाला भाजलेले कळत नाही.

संध्याकाळी नव्या विक्षोभाची सूचना आली. तो पोहोचायला छत्तीस तास होते. कुंझुम खिंड हिवाळ्यात बंदच असते, त्यामुळे मनालीकडे वाट नाही. आल्या रस्त्यानेच परतायचे. आणखी एक दिवस थांबून माग काढणाऱ्यांबरोबर जावे, अशी माझी फार इच्छा होती. ती मी सोडली, कारण राखीव दिवस आता एकही उरला नव्हता.

नववा दिवस: काझा ते रिकाँग पिओ

सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मलिंगला पुन्हा दोन मिनिटे कान देऊन ऐकणे, आणि या वेळी रस्त्यावर पडलेले ताजे दगड.

दहावा दिवस: रिकाँग पिओ ते सुन्नी

रामपूरला पाऊस होता. कुमारसैनच्या वर त्याचा बर्फ झाला आणि नारकंड्याच्या अलीकडे गाड्यांची रांग थांबली. पाऊण तास कोणीही हलले नाही. आमच्या पुढच्या गाडीत लहान मुले होती, काचा बंद, इंजिन आणि हीटर चालू. भाईजी उतरले आणि त्यांनी आपल्या गाडीच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ पायाने सारला. मग पुढच्या गाडीच्या मागे जाऊन, तेथे नळीच्या तोंडापर्यंत बर्फ आल्याचे पाहून, काच ठोठावली. पाकिस्तानातील मरी येथे जानेवारी २०२२ मध्ये अशाच रांगेत अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे मरण पावली होती आणि त्यांतील अनेकांच्या बाबतीत कारण म्हणून थंडीइतकेच गाडीत कोंडलेल्या विषारी वायूचेही नाव घेतले गेले. इंजिन तासातून फक्त दहा मिनिटे, नळी मोकळी असल्याची खात्री करून, वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूची काच दोन बोटे उघडी ठेवून चालवायचे, असे त्यांनी त्या कुटुंबाला समजावले. त्या गृहस्थांनी आधी थोड्या रागानेच ऐकले आणि मग स्वतः उतरून हातांनी बर्फ काढला.

रस्ता तासाभरात उघडेल, असे पुढून कोणीतरी ओरडून सांगत आले. दादाने माझ्याकडे पाहिले. तिकीट परवाचे होते. या वेळी तोच म्हणाला की, वळूया. भाईजींनी ती जागा सोडून गाडी तीन किलोमीटर मागे घेतली, सैंजला उतरून लुहरी आणि सुन्नीचा खालचा रस्ता धरला. सतलजच्या काठाने जाणारा हा रस्ता लांबचा आहे, अरुंद आहे, पण ७०० मीटरच्या आसपासच्या उंचीवरून जातो आणि नारकंडा बंद झाला की वाहतूक याच वाटेने वळवतात. त्या पुढच्या गाडीलाही आम्ही हात करून मागे बोलावले होते; अंधार पडल्यावर, सुन्नीच्या बाजारात ती आमच्यामागून येऊन थांबली.

खाणावळीत राजमा आणि भात होता. जेवून बाहेर आलो, तर भाईजी नळाखाली साखळ्या धूत होते, कारण रस्त्यावर टाकलेल्या मिठाने त्या एका रात्रीत गंजतात. भाचा बादली घेऊन त्यांच्याजवळ बसला आणि एकेक कडी फडक्याने पुसून त्या दोघांनी साखळ्या ओसरीतल्या खुंटीवर सकाळसाठी वाळत घातल्या. शिमल्याला चढायचे होते, आणि धल्लीच्या वळणांवर रात्री बर्फ पडणार होता.